"माझं नाव कुठे लिहिणार?": युरोपात आरोग्याचा हक्क प्रत्यक्षात कसा चालतो

बीडला एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: "ताई, युरोपात आरोग्य हा मानवी हक्क आहे असं आमच्या अभ्यासक्रमात आहे. पण तो कुणी डावलला तर माणूस नेमका जातो कुठे? आणि ज्याच्याकडे व्हिसा नाही, विम्याचं कार्डही नाही, त्याचं काय? आमच्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या सर्वेक्षणासाठी यातलं काही उपयोगी पडेल का?"

मी गेली 19 वर्षं बर्लिनमध्ये, विमा नसलेल्या रुग्णांच्या सल्ला केंद्रात काम करते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. दोघांना फोन लावणारी, अर्ज भरून देणारी, रुग्णाबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून राहणारी समाजकार्यकर्ती आहे. त्यामुळे उत्तर पुस्तकातल्या क्रमानं येणार नाही. आधी एका बाईची गोष्ट सांगते.

गेल्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली तेव्हा तिला सातवा महिना होता. लोकांच्या घरची साफसफाई करायची. एकही सोनोग्राफी नाही, रक्ततपासणी नाही. पर्समधून तिनं सुपरमार्केटच्या बिलांची गड्डी काढली, रबर लावलेली. प्रत्येक बिलाच्या मागे तारीख आणि दोन आकडे. 145/90. 150/95. शेवटच्यावर 160/105. जुन्या बाजारातून घेतलेल्या मशीनवर ती रोज रात्री स्वतःचं बीपी मोजत होती. म्हणजे आपल्याला काहीतरी होतंय हे तिला पुरतं कळत होतं. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी पाणी दिलं. ते घेण्याआधी तिनं विचारलं, "माझं नाव तुम्ही कुठे लिहिणार?"

या कामात हाच प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय. दुखतंय कुठे, हे माणसं नंतर सांगतात.

आता गंमत नाही, खरी अडचण ऐक. जर्मन कायद्यानं या बाईला उपचार नाकारलेले नाहीत. 1993 च्या आश्रयार्थींच्या कायद्यात कागद, म्हणजे देशात राहण्याचा परवाना, नसलेली माणसंही मोडतात; तीव्र आजार, वेदना आणि बाळंतपण यांवर उपचार मिळण्याचा त्यांना अधिकार आहे. पण त्यासाठी समाजकल्याण कार्यालयातून चिठ्ठी आणावी लागते. आणि परदेशी नागरिकांच्या निवास कायद्याचं कलम 87 त्याच कार्यालयाला सांगतं, की कागद नसलेला माणूस आढळला तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवा. एका हातानं चिठ्ठी द्यायची, दुसऱ्या हातानं हद्दपारीचा रस्ता उघडायचा. डॉक्टरला गोपनीयतेचं बंधन आहे, त्यामुळे तो कुणाला काही सांगत नाही. अपघात किंवा एकदम जीवावर बेतलेलं आजारपण असेल तर 2009 पासून त्या गोपनीयतेचं कवच बिल मंजूर करणाऱ्या कार्यालयापर्यंत पोचतं. पण बीपी रोज थोडं थोडं चढतंय, गरोदरपणात त्यामुळे येणारे झटके अजून आलेले नाहीत, अशा बाईचं आजारपण कागदावर तातडीचं ठरत नाही. ते झटके आल्यावर ठरतं.

शाळांचं उदाहरण बघ म्हणजे हे किती ठरवून केलेलं असतं ते लक्षात येईल. 2011 मध्ये जर्मनीनं शाळांना या कळवण्याच्या सक्तीतून मोकळं केलं. कागद नसलेल्या आईबापांचं मूल शाळेत बिनधास्त बसू शकतं. त्याच मुलाला दमा असेल तर नेहमीच्या औषधांची चिठ्ठी मागायला आईबाप आजही कचरतात. 2021 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीनं ही सक्ती तपासून बदलण्याचं लेखी वचन दिलं होतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं, वचन तसंच राहिलं. उलट त्याच वर्षी, आश्रय मागणाऱ्यांना मर्यादित उपचारांवर ठेवण्याची मुदत 18 महिन्यांवरून 36 महिने केली गेली.

तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग, हक्क लिहिलाय कुठे. इथे दोन वेगळी युरोप आहेत आणि विद्यार्थी त्यांची हमखास गल्लत करतात. एक म्हणजे 46 देशांची युरोप परिषद, स्ट्रासबुर्गला. तिच्याकडे 1950 चा मानवी हक्क करार आणि त्यावरचं न्यायालय आहे, आणि 1961 मध्ये तुरिनला सह्या झालेली सामाजिक सनद आहे, जी 1996 मध्ये नव्यानं लिहिली गेली. दुसरं म्हणजे 27 देशांचा युरोपीय संघ. त्याची मूलभूत हक्कांची सनद 2009 पासून बंधनकारक आहे आणि तिच्या कलम 35 मध्ये आरोग्यसेवेचा हक्क आहे. पण दवाखाने कसे चालवायचे, पैसा कुठे घालायचा, हे संघाच्या मूळ करारानं सदस्य देशांकडेच ठेवलंय. म्हणून बर्लिनमधल्या बाईला कलम 35 दाखवून चिठ्ठी मिळत नाही.

1950 च्या करारात आरोग्याचा हक्क शब्दानं नाहीच. जगण्याचा हक्क आहे, अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे, खासगी आयुष्याचा आदर आहे. आरोग्याचे खटले या तीन दारांतून आत जातात. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 21 मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून, जसं झालं, तसंच. तू अभ्यासलेला कोलकात्याचा खटला आठव: रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. स्ट्रासबुर्गच्या या न्यायालयासमोर याची जुळी गोष्ट आली ती तुर्कस्तानातल्या इझमिरची. मार्च 2000. आठव्या महिन्यातली गरोदर बाई पोटात दुखतंय म्हणून नवऱ्याबरोबर एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहिली. शेवटच्या रुग्णालयात कळलं की बाळ पोटातच गेलंय आणि लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल. आधी पैसे मागितले. नवऱ्याकडे नव्हते. तिला अँब्युलन्समध्ये घालून, बरोबर डॉक्टर न देता, दुसरीकडे रवाना केलं आणि ती वाटेतच गेली. शेंतुर्क खटला म्हणून तो ओळखला जातो. निकाल 2013 चा: जगण्याच्या हक्काचा भंग.

तेरा वर्षं लागली हे लक्षात ठेव. आणि याच न्यायालयानं 2017 मध्ये पोर्तुगालच्या एका खटल्यात रेषाही आखून दिली: डॉक्टरची चूक झाली, निदान हुकलं, एवढ्यानं राज्याला दोषी धरता येणार नाही, माहीत असून जीव वाचवणारा उपचार नाकारला किंवा सगळी व्यवस्थाच मोडकळलेली होती, असं दाखवावं लागेल. मला ही रेषा जास्तच कडक वाटते. ज्याचं माणूस गेलंय त्याला व्यवस्था आतून कशी मोडली होती याचे पुरावे कुठून मिळणार?

हक्काची दुसरी बाजू तुझ्या कामाला जास्त जवळची आहे. उपचार मिळणं हा हक्क, तसा नको असलेला उपचार अंगावर न लादला जाणं हाही. स्लोव्हाकियात प्रेशॉव्हच्या रुग्णालयात 2000 साली एका रोमा, म्हणजे युरोपातल्या एका वंचित अल्पसंख्य समाजातल्या, तरुणीचं सिझेरियन झालं. कळा चालू असताना तिच्यासमोर कागद धरला, "रुग्णाला नसबंदी हवी आहे" अशा अर्थाची ओळ लिहिलेला. तिला त्यातला शब्दच माहीत नव्हता. पुढचं बाळंतपण जीवावर बेतेल असं सांगितलं, तिनं सही केली. केसपेपरवर तिची जमात नोंदलेली होती. 2011 मध्ये स्ट्रासबुर्गनं याला अमानुष वागणूक ठरवलं: सही आहे म्हणून संमती आहे असं होत नाही, कळा देणाऱ्या बाईची तर नाहीच. शेजारच्या चेक प्रजासत्ताकानं 2021 मध्ये कायदा करून अशा बायकांना प्रत्येकी तीन लाख क्राउन (तिथलं चलन) भरपाई देऊ केली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, तो तू जवळून बघितला आहेस. तिथेही संमतीचे कागद असतीलच. ते कधी, कोणत्या अवस्थेत, कुणी वाचून दाखवून घेतले, हे विचार.

आता सामाजिक सनद. हिच्या कलम 11 मध्ये आरोग्याच्या संरक्षणाचा हक्क सरळ शब्दांत आहे, आजाराची कारणं दूर करण्यापासून साथी रोखण्यापर्यंत. कलम 13 मध्ये पैसे नसलेल्यासाठी वैद्यकीय मदत. तिच्यावर न्यायालय नाही, 15 तज्ज्ञांची समिती आहे. पण 1998 पासून तिच्याकडे सामूहिक तक्रार करता येते, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण तक्रार संघटना करते, रुग्णाला पुढे यावं लागत नाही. नाव लिहायचीच भीती असलेल्या माणसाच्या वतीनं लढायचं तर दुसरा रस्ता नाही. फ्रान्सनं कागद नसलेल्यांच्या सरकारी वैद्यकीय मदतीला कात्री लावली तेव्हा पॅरिसच्या एका मानवी हक्क महासंघानं असंच केलं. 2004 चा निर्णय मी कार्यशाळांमध्ये दर वेळी वाचून घेते. सनदेच्या जोडपत्रात स्पष्ट लिहिलंय की परदेशी माणूस कायदेशीर रहिवासी असेल तरच संरक्षण. समितीनं तरीही सांगितलं की माणूस देशात बेकायदा असला तरी त्याला वैद्यकीय मदतच नाकारणारा कायदा सनदेच्या विरुद्ध आहे, कारण प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे. मोठ्यांच्या बाबतीत फ्रान्स सुटला, मुलांच्या बाबतीत दोषी ठरला. मतं सात विरुद्ध सहा.

या तक्रारींना मान्यता देणारे देश 16 आहेत. जर्मनी त्यात नाही. म्हणून माझ्याकडच्या बाईसाठी हे दार बंद आहे, आणि ज्यांच्यासाठी उघडं आहे त्यांनाही समितीचा निर्णय हातात घेऊन वसुली करता येत नाही. सरकारवर दबाव आणायला तो उपयोगी पडतो, एवढंच.

दार कुठे आणि कसं उघडं ठेवता येतं हे बघायचं तर इटलीकडे बघ. तिथल्या राज्यघटनेच्या कलम 32 मध्ये आरोग्य हा "व्यक्तीचा मूलभूत हक्क आणि समाजाचं हित" म्हटलंय, नागरिकाचा नव्हे, व्यक्तीचा. 1998 च्या परदेशी नागरिक कायद्यानं त्यावर व्यवहारातली एक गोष्ट बसवली. कागद नसलेला माणूस दवाखान्यात गेला की त्याला एसटीपी नावाचा कोड मिळतो, "तात्पुरता हजर परदेशी" अशा अर्थाचा. सहा महिने चालतो, पुन्हा वाढवून मिळतो. ओळखपत्र नसेल तर तो सांगेल ते नाव लिहून घेतात. तातडीचे आणि आवश्यक उपचार, गरोदरपण, मुलांचं आरोग्य, लसी, सगळं त्यावर. आणि त्याच कलमात खाली एक छोटं पोटकलम: उपचार घ्यायला आलेल्या परदेशी माणसाची खबर अधिकाऱ्यांना द्यायची नाही, इटालियन माणसाच्या बाबतीत जी खबर सक्तीची आहे तेवढीच इथेही.

2009 च्या फेब्रुवारीत इटलीच्या सेनेटनं हे पोटकलम काढून टाकायला मंजुरी दिली होती. डॉक्टर आणि परिचारिका रस्त्यावर आल्या, "आम्ही हेर नाही" असे बिल्ले लावून. तो वाद चालू असताना काही ठिकाणी परदेशी रुग्णांनी दवाखान्यात येणं कमी केलं. कायदा बदललाही नव्हता, नुसत्या बातमीवर. शेवटी कनिष्ठ सभागृहात तरतूद गळली आणि पोटकलम वाचलं. माझ्या मते युरोपातल्या आरोग्य हक्काचं अख्खं कुलूप या एका ओळीत आहे. दवाखान्याची खिडकी आणि पोलिसाची खिडकी यांच्यामध्ये भिंत आहे की नाही. सनदा कितीही चांगल्या असोत, भिंत नसेल तर माणूस बिलांच्या मागे आकडे लिहीत घरी बसतो.

स्पेनमध्ये भिंतीचा प्रश्न नव्हता, कार्डच काढून घेतलं. आर्थिक संकटात, एप्रिल 2012 मध्ये, एका शासकीय हुकमानं कागद नसलेल्या प्रौढांना सरकारी आरोग्यसेवेतून बाहेर काढलं. तातडीचे उपचार, बाळंतपण आणि मुलं तेवढी आत ठेवली. पुढच्याच वर्षी माजोर्का बेटावर आठ वर्षं स्पेनमध्ये राहिलेला 28 वर्षांचा सेनेगली तरुण क्षयरोगानं गेला. वेळीच निदान आणि औषधं मिळाली तर बरा होणारा आजार, आणि संसर्गजन्य आजार. त्याला बाहेर ठेवून शेजाऱ्यांचंही रक्षण झालं नाही. कितीतरी डॉक्टरांनी हुकूम न मानता रुग्ण तपासले, आंदालुसियासारख्या प्रांतांनी तो लागूच केला नाही, तरी घटना न्यायालयानं 2016 मध्ये केंद्राचा हुकूम वैध ठरवला. तो हक्क परत आला तो 2018 च्या जुलैमध्ये सरकार बदलल्यावर, न्यायालयातून नव्हे.

ग्रीसमध्ये तर देशाच्याच नागरिकांचं असं झालं. विमा नोकरीला बांधलेला, नोकऱ्या गेल्या, लाखो माणसं विम्याबाहेर पडली. अथेन्सच्या जुन्या विमानतळाजवळ एलिनिकोला डॉक्टरांनी 2011 मध्ये स्वयंसेवी दवाखाना सुरू केला. लोक घरातली उरलेली औषधं आणून देत. 2016 मध्ये कायदा करून विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयं पुन्हा उघडी झाली.

आजारी माणसाला हद्दपार करता येतं का, हेही मला सतत विचारतात. येतं, पण 2016 पासून जपून. बेल्जियममधल्या एका जॉर्जियन माणसाला रक्ताचा कर्करोग होता. स्ट्रासबुर्गनं त्याच्या खटल्यात ठरवलं की मृत्यू अगदी दारात असण्याची गरज नाही. मायदेशी योग्य उपचार न मिळाल्यानं प्रकृती गंभीरपणे, झपाट्यानं आणि न सुधारण्याजोगी ढासळणार असेल तर पाठवता येणार नाही. आणि "तिथे औषध मिळतं" एवढं पुरत नाही, या माणसाला ते परवडेल का, ते किती लांब आहे, हे सरकारनं तपासायचं. निकाल डिसेंबरमध्ये आला. तो जूनमध्येच वारला होता.

आपल्या लोकांचंही सांगते, कारण महिन्यातून एखादा मराठी फोन येतोच. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीय आता सर्वांत जास्त आहेत. विद्यापीठात प्रवेश घेताना "सरकारी विम्यातून सूट घ्या, खासगी विमा स्वस्त पडतो" असं सांगणारा एजंट भेटतो. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. सरकारी विम्याचे दोन महिन्यांचे हप्ते थकले तर सेवा गोठते आणि फक्त तीव्र दुखणं, वेदना, गरोदरपण एवढंच उरतं. पण विमा कार्यालयाशी थकबाकीचे हप्ते ठरवून घेतले की सगळी सेवा पुन्हा सुरू होते. हे कुणी सांगत नाही, आणि मुलं लाजेनं दवाखाना टाळतात. तसंच नातवंडाच्या बारशाला आलेले आईवडील. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो, पण त्यात जुना आजार बहुतेक वेळा धरलेला नसतो. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर तास मोजत बसू नका, 112 हा तातडीचा नंबर लावा. तातडीच्या रुग्णाला नाकारणं इथे फौजदारी गुन्हा आहे. बिल नंतर येईल, मोठं येईल, पण त्यावर बोलता येतं.

आणि भाषा. सरकारी विमा दुभाषाचे पैसे देत नाही. 2013 च्या रुग्ण हक्क कायद्यानं डॉक्टरनं रुग्णाला समजेल असं सांगणं बंधनकारक आहे, पण ते कुणाच्या तोंडून, याचं उत्तर कायद्यात नाही. मी एका अकरा वर्षांच्या मुलाला आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट तिला सांगताना बघितलंय. एका शब्दाला तो थांबला, डॉक्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग आईला म्हणाला, "ते म्हणतात औषध घ्यावं लागेल." तेव्हापासून आमच्या केंद्रात मुलाला दुभाषा करत नाही. त्या दिवशी भेट रद्द करावी लागली तरी चालेल.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बर्लिनमध्ये 2018 पासून शहराच्या पैशानं चालणारी एक सोय आहे. रुग्णाचं नाव कुठल्या सरकारी कार्यालयाला न कळवता उपचाराच्या खर्चाची हमी मिळते. आम्ही दुपारी हमीपत्र घेतलं आणि संध्याकाळी ती वॉर्डात होती. आधीच्या रुग्णालयानं तिला डिपॉझिटच्या नावाखाली दारातूनच परत पाठवलं होतं, हे तिनं सलाईन लागल्यावर सांगितलं. छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी ती बिलांची गड्डी मागून घेतली, सगळे आकडे तारीखवार उतरवून काढले आणि केसपेपरला जोडले. आठ आठवड्यांची एवढी नीट नोंद विमा असलेल्या बायकांचीही नसते, असं त्या म्हणाल्या.

तुझ्या सर्वेक्षणासाठी म्हणून: आजार कोणता, खर्च किती, हे प्रश्न तुझ्या यादीत असतीलच. त्यांच्या आधी तीन घाल. गेल्या वेळी दवाखान्यात गेलात तेव्हा खिडकीवर पहिल्यांदा काय मागितलं? ते नसल्यामुळे कधी परत आलात का? आणि आपलं नाव, गाव किंवा मुकादमाचं नाव सांगायला लागेल म्हणून कधी गेलाच नाहीत, असं झालंय का? तिसरा प्रश्न बायकांना एकट्या असताना विचार, मुकादमाचं माणूस आसपास नसताना. फॉर्मवर त्यांचं नाव लिहू नकोस, क्रमांक टाक, आणि ते त्यांना सुरुवातीलाच दाखव.